सटवाजीची टाळी

आमच्या संघात खेळणारे सहा आणि बदली दोन असे आठ जण होते. पण कोणी विचारलं की सटवाजी नऊ सांगायचा. नववा कोण, हे त्याला कधी कोणी विचारलं नाही.

मी ज्या गावात मास्तर होतो ते वालूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं शिकूनसवरून हुद्द्यांवर बसली आहेत आणि या वयात मला कोणाशी भांडायचं नाही. भांडायचंच झालं तर ते स्वतःशी आहे, आणि ते मी रोज करतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी मी तिथल्या शाळेवर रुजू झालो. परभणी शहरातला, चोवीस वर्षांचा, मराठी शिकवणारा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. शाळेमागं व्हॉलीबॉलचं मैदान होतं. तेव्हा आमच्या भागात क्रिकेट रेडिओत असायचं आणि व्हॉलीबॉल गावात. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मोसम. या काळात वालूर, सेलू, पाथरी, येलदरी अशा ठिकाणी स्पर्धा भरायच्या, आणि गावोगावचे संघ जीप नाहीतर सायकली करून तिकडं जायचे. मी कॉलेजात थोडंफार खेळलो होतो. तिसऱ्याच दिवशी कॅप्टन माणिकनं मला संघात ओढलं. मी बॉल उचलून द्यायचा आणि त्यानं मारायचा, अशी आमची जोडी जमली. माणिकला बॉल वर गेलेला दिसला की बाकी जग दिसत नसे. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

सटवाजी मैलकुली होता. म्हणजे बांधकाम खात्याच्या रस्त्यावरचा मजूर. ठरावीक मैलांचा तुकडा त्याच्या ताब्यात असायचा. खड्डे बुजवायचे, कडेच्या नाल्या मोकळ्या करायच्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासायचा, मैलाचे दगड रंगवायचे. पंचेचाळिशीचा असेल. अंगावर खात्याचा खाकी सदरा, पायात टायरच्या चपला, आणि हात असे की बघत राहावं. पंजे रुंद, तळव्यांवर डांबरानं भाजल्याचे जुने डाग. घर बौद्धवाड्यात. गावातली म्हातारी माणसं त्याला ‘सटव्या’ म्हणायची. संघातली पोरं मात्र ‘सटवादादा’ म्हणायची, आणि त्या ‘दादा’वर तो खूश असायचा. मी त्याला नुसतं सटवाजी म्हणायचो, आणि अरेतुरे करायचो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही.

मैदानावर फक्की तोच मारायचा. सुतळी ताणून, चुन्याची पांढरी रेघ अशी सरळ ओढायचा की पंचसुद्धा खाली वाकून बघायचे. चुना बहुतेक खात्याचाच असणार. मी एकदा गमतीनं विचारलं, तर म्हणाला, “दगडाला एक हात कमी मारला, गुरुजी. दगड कुनाला सांगनार हाय?”

गुणसुद्धा तो दगडांतच मोजायचा. पंधराचा गेम असे. अकरा गुण झाले की, “आपुन अकराव्या दगडावर हाव.” चौदा झाले की, “एकच दगड राहिला, पंधराव्याला गाव हाय!” समोरच्या संघाचे गुण मात्र तो कधी दगडांत मोजायचा नाही. त्यांचे नुसते आकडे. दगड फक्त आपल्याला.

आणि हे ‘आपुन’. सहावीच्या वर्गाला मी दरवर्षी शिकवायचो, की ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. पोरांना ते कंटाळवाणं वाटायचं. सटवाजीनं शाळा दुसरीत सोडली होती, पण हा धडा त्याला पाठ होता. “आपुन काल उजवीकडं कच्चे पडलो.” “आपुनला बुटका गडी चालत न्हाई नेटवर.” “पुढल्या सालाला आपुन पाथरी मारू.” पाथरीची स्पर्धा ही आमच्याकडची सगळ्यात मोठी, आणि आमच्या गावानं ती कधीच जिंकलेली नव्हती. तीन मोसम मी त्याच्या तोंडून ‘पाथरी मारू’ हे ऐकलं. त्याला बाकी काही नको होतं. त्याची बायको म्हणे त्याला म्हणायची, की तुमाला पाथरीतच पुरते. हे तोच हसत हसत सांगायचा.

जुन्या मॅचेस त्याला तोंडपाठ. कोणत्या वर्षी सेलूला शेवटचा बॉल कोणी जाळीत घातला, वारा कुठून होता, पंचानं शिट्टी उशिरा कशी मारली. खेळणारे विसरलेले असायचे. माणिक एकदा वैतागून म्हणाला, “सटवादादा, ते मीच घातलं व्हतं जाळीत, आता सोड की!” सटवाजी म्हणाला, “सोडलं. पन घातलं व्हतंस.”

आता त्याची टाळी.

बाकीचे प्रेक्षक गुण मिळाला की टाळ्या वाजवतात. सटवाजी आमची सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी वाजवायचा. दोन सावकाश, तीन झटपट, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग एक खणखणीत. त्या शेवटच्या टाळीवर सर्व्हिस मारायची, हे आमच्या अंगातच बसलं. तो ठेका ऐकला की माझे पाय आपोआप जागेवर जायचे. वालूरच्या एका मॅचला समोरच्या कॅप्टननं पंचाकडं तक्रार केली, की हा माणूस आमचं लक्ष घालवायलाय. पंच सटवाजीकडं गेले. सटवाजी उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, टाळी वाजवायला बंदी असंल तर पुस्तकात दाखवा. मला वाचता येत न्हाई, पन गुरुजी वाचून दाखवतील.” सगळं मैदान हसलं. पंचही हसले. नियमाच्या पुस्तकात तसं काही नव्हतं.

येलदरीची गोष्ट माझ्या तिसऱ्या मोसमातली. धरणाच्या वसाहतीजवळच्या मैदानावर दोन दिवसांची स्पर्धा होती. आम्ही जीपनं गेलो. जीपमध्ये नऊ-दहा जण कोंबून बसलो, माणिकचा मेहुणा नुसता हवा खायला आला होता तोही बसला. सटवाजी पहाटे सायकलवर निघाला आणि आमच्या मागोमाग दुपारी पोचला. धुळीनं माखलेला. तो जीपमध्ये का नाही, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही. जागा नव्हती असंही कोणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायची वेळच आली नाही. जेवणाच्या वेळी यजमानांनी पंगत मांडली. सटवाजी म्हणाला, “मी खाऊन आलोय,” आणि फिरकीचा तांब्या घेऊन बाभळीखाली जाऊन बसला. तिथं त्यानं फडक्यातली भाकरी सोडली. तो नेहमीच खाऊन आलेला असायचा. आणि नेहमी नंतर खायचा.

दुपारच्या मॅचला पोरांनी कुठून तरी तेलाचा रिकामा डबा आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. “सटवादादा, टाळी कामून? हे बडव, आवाज धरणापल्याड जाईल.” त्यानं डबा पायानं हळूच बाजूला सारला. “हात हायत की,” म्हणाला.

मॅच आम्ही जिंकलो. संध्याकाळी मी फिरत फिरत बाभळीकडं गेलो आणि सहज विचारलं, की डबा का नको होता.

त्यानं तांब्याची फिरकी घट्ट बसवली. मग सांगितलं ते असं.

“आमचा बाप डफडं वाजवायचा, गुरुजी. वेशीवर. पाटलाकडं लगीन असू द्या, मयत असू द्या, सांगावा आला की उठायचं. अंगात ताप असला तरी उठायचं. हात लय गोड व्हता त्याचा. छप्पनला आमी बौद्ध झालो. समद्यांनी ठरवलं, आता गावाचं वाजवायचं न्हाई. बापानं सोताच्या हातानं चामडं फाडलं. फाडलं आन् रडला बी. त्याला वाजवायला आवडायचं ना. मंग मला म्हनला, हे हात आता तुजे हायत, कुनी सांगितलं म्हनून हलवू नको.”

त्यानं आपले पंजे उलटसुलट करून बघितले.

“मला बी आवडतंय वाजवायला. म्हनून टाळी. टाळी वाजव म्हनून मला कुनी सांगत न्हाई. माजी मी वाजवितो.”

मी ‘हं’ म्हणालो. आणि उद्या डावीकडून कोणाला खेळवावं, ते त्याला विचारलं. तो लगेच खुलला आणि अर्धा तास बोलत राहिला.

मला हे त्यानं सांगितलं होतं, एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

पुढच्या मोसमात आम्ही पाथरी मारली.

फायनल तीन गेमपर्यंत गेली. शेवटच्या गेमला आम्ही दहावर, समोरचे चौदावर. सटवाजी मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याचा आवाज बसला होता, पण हात चालू होते. दोन सावकाश, तीन झटपट, थांब, आणि एक. मी माझ्याविषयी सांगत नाही, सगळ्यांविषयी सांगतो. आम्ही त्या टाळीवर खेळलो. सोळा-चौदा जिंकलो. सटवाजी उठला नाही. तिथंच बसून मातीत दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, “आलं गाव. आपुन आलो.” त्याचे डोळे भरले होते. मी त्या माणसाला तेवढं सुखी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परत येताना सेलूवरून वालूरकडं जाणारा कापसाचा रिकामा ट्रक मिळाला. माणिकनं स्वतः हात देऊन सटवाजीला वर ओढलं, त्याची सायकलही वर घेतली. कप सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. सटवाजीकडं आला तेव्हा त्यानं तो मांडीवर ठेवला आणि खाकी सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला. सेलूहून वालूरच्या रस्त्याला लागलो तसा तो एकेक दगड मोठ्यानं मोजायला लागला, आणि आम्ही सगळे त्याच्यामागं ओरडत होतो. चार मोसमांत तो पहिल्यांदाच आमच्याबरोबर कुठून तरी घरी येत होता. खरंच नऊ जण होतो.

ऊन उतरताना गावाच्या वेशीवर पोचलो. अख्खं गाव जमलं होतं. गुलाल होता, हार होते. माणिकचे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणायचे, फेटा बांधून पुढं उभे. मिरवणूक मारुतीपर्यंत न्यायची होती, पण वाजवणारेच नव्हते. नेहमीचे वाजंत्री लग्नाची सुपारी घेऊन दुसऱ्या गावाला गेले होते. त्यांचं एक डफडं मात्र घरी खुंटीला होतं, ते कोणीतरी घेऊन आलं. आता वाजवणार कोण?

आबा म्हणाले, “आरं, सटव्या हाय की! ह्याचा बाप काय वाजवायचा! ह्याच्या रक्तात हाय ते.”

पोरं आनंदानं ओरडली. “सटवादादा! सटवादादा!” माणिकनं डफडं घेतलं, त्याच्याकडं बघितलं, आणि मग माझ्या हातात दिलं. “गुरुजी, तुमी सांगा. तुमचं ऐकंल.”

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? मी पुष्कळदा आठवून बघितलंय. वाईट काहीही नव्हतं, आणि तीच तर माझी लाज आहे. मला वाटलं, याच्याशिवाय मिरवणूक कसली? यानंच वाजवायला पाहिजे. मान याचाच. येलदरीची बाभळ, बाप, फाडलेलं चामडं, यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. जे आपलं दुखणं नसतं ते आपण किती सहज विसरतो! मी हसत पुढं झालो आणि डफड्याची दोरी, हार घालावा तशी, त्याच्या गळ्यात घातली.

“वाजव, सटवाजी,” मी म्हणालो.

त्याचे हात खाली लोंबत राहिले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपण काही चुकीचं ऐकलं की काय, अशा शंकेनं पाहिलं, बस्स.

“हात हायत की, गुरुजी,” तो हळू म्हणाला. “मी टाळी वाजवितो. मारुतीपस्तोर वाजवितो.”

“टाळीवर कोन नाचतंय?” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

आबा पुढं आले. “आमच्यात फिरायलास, आमच्या ट्रकात बसून आलास, आन् गावासाठी एक डाव वाजवायला लाज वाटायलीय व्हय रे तुला?”

सटवाजीनं माणिककडं पाहिलं. माणिक कपाकडं बघत होता. मग सटवाजीनं एकेकाकडं पाहिलं, आठही जणांकडं. आमच्यापैकी एकानं तोंड उघडलं असतं तर पुष्कळ झालं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की आबा, त्याची मर्जी. एवढंही कोणी म्हणालं नाही.

त्यानं डफडं गळ्यातून काढलं. आपटलं नाही, टाकलं नाही. चामड्याला माती लागू नये म्हणून पालथं न ठेवता वेशीच्या ओट्याला टेकवून उभं केलं. वाजवणाऱ्याचा पोरगा होता तो. मग ट्रकमधून सायकल उतरवून घेतली आणि बौद्धवाड्याच्या वाटेनं चालत गेला. सायकलवर बसला नाही.

मिरवणूक निघाली. कोणीतरी डबा बडवला, कोणीतरी थाळी. डब्यावर नाचायला कोणाची हरकत नव्हती. मीही नाचलो. गुलालानं माखलेला माझा एक फोटो पुष्कळ वर्षं शाळेच्या भिंतीवर होता.

दुसऱ्या दिवशी जाईन, असं ठरवलं. मग तिसऱ्या. माणिक म्हणाला, “येईल की, कुठं जातोय?” मलाही तसं वाटून घेणं सोयीचं होतं. बौद्धवाडा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता, आणि मी गेलो नाही.

तो आला नाही. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी आम्ही मैदानावर सराव करत होतो. बौद्धवाड्यात जयंतीची मिरवणूक निघाली होती. एकाएकी तिकडून टाळी ऐकू आली. दोन सावकाश, तीन झटपट. माणिक सर्व्हिस मारायला उभा होता. त्याचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. सगळेच थांबलो. मग तिकडं ती शेवटची खणखणीत टाळी वाजली, आणि माणिक बॉल खाली आपटत म्हणाला, “सटव्या वाजवायलाय.” ‘दादा’ गळून पडलं होतं. कोणाला ते खटकलं नाही, की खटकलं आणि कोणी बोललं नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर दुसरं.

त्याच्यावाचून आमचं अडेल, असं वाटलं होतं. काही अडलं नाही. पुढच्या मोसमात आम्ही वालूर जिंकलं, सेलूही जिंकलं. एखाद्या कथेत असतं तर हरलो असतो, आणि मला जरा बरं वाटलं असतं.

त्या मोसमानंतरच्या पावसाळ्याआधी माझी बदली झाली. ट्रंक टपावर टाकून एसटीत बसलो. तीन-चार मैलांवर गाडी थांबली. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, रोलर आडवा होता. खिडकीतून बघतो तर कडेला सटवाजी मैलाचा दगड रंगवत बसला होता. कोपरापर्यंत चुना. मी उतरलो.

“कसं काय?” मी म्हणालो.

“बरं हाय, गुरुजी. बदली?”

“हो.” दीड वर्ष मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं. “सटवाजी, त्या दिवशी वेशीवर—”

“फक्की कोन मारतंय आता?” त्यानं मध्येच विचारलं. ब्रश थांबला नाही.

“मीच मारत होतो.”

“मागली रेघ वाकडी व्हायलीय.”

म्हणजे मैदान त्याच्या नजरेखालून जात होतं. मी घाईघाईनं म्हणालो, “पोरं तुमची आठवण काढतात. पुढच्या मोसमाला तुम्ही पाहिजे म्हणतात.” हे साफ खोटं होतं. आणि त्या खोट्यात मी पहिल्यांदाच त्याला ‘तुम्ही’ म्हणालो होतो.

तो जरासा हसला. खोटं त्याला कळलं. ‘तुम्ही’ कळलं की नाही, देव जाणे.

“वालूरला दुसऱ्या गेमला नवावर व्हते म्हनं,” तो म्हणाला. “तिथून वर काढली.”

नवावर, म्हणाला. नवव्या दगडावर नाही. दगड पुढ्यातच होता, त्याच्याच हातानं पांढरा झालेला.

“तुम्ही आला होता वालूरला?” मी विचारलं.

रोलर बाजूला झाला. कंडक्टरनं घंटी मारली, मला हाक मारली. सटवाजीनं ब्रश डब्यात बुडवला, कडेवर निथळवला आणि तोंड वर न करता, अगदी गोड आवाजात, पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाला,

“तुमी लय चांगलं खेळले, गुरुजी. आमी ऐकलं.”